फिरत्या पिचरचं कार्ड

तीन फासे लागतात, एक पांढरा आणि दोन रंगीत. पांढऱ्यावर १, २ किंवा ३ पडलं तर फलंदाजाचं कार्ड उचलायचं. ४, ५ किंवा ६ पडलं तर पिचरचं. मग रंगीत फाशांची बेरीज करायची आणि कार्डावर त्या बेरजेसमोर काय छापलंय ते वाचायचं. स्ट्राइकआउट, झेल, एका बेसचा फटका, होमरन, फुकटचा पहिला बेस. झाला एका फलंदाजाचा निकाल. शाळेत मागच्या बाकावर पुस्तकाची पानं उघडून क्रिकेट खेळलेल्यांना हा खेळ समजायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पुस्तकाच्या पानाला मात्र गावसकर आणि चंद्रशेखर सारखेच असत, षटकार दोघांनाही पडे. इथे प्रत्येकाचं कार्ड त्याने मैदानावर प्रत्यक्ष काय केलं त्यावरून बेतलेलं असतं. पुरेसे सामने खेळले की पुठ्ठ्यावरचा माणूस खऱ्या माणसासारखा वागायला लागतो.

बेसबॉलच्या या खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. न्यूयॉर्कच्या हॅल रिचमन यांनी तो १९६१ मध्ये विकायला काढला. त्याआधी दहा वर्षं पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावातून एपीबीए नावाचा अशाच धाटणीचा खेळ निघाला होता. पुढे संगणक आले आणि १९९९ मध्ये मार्कुस हाइन्सोन या जर्मन माणसाने ‘आउट ऑफ द पार्क’ बाजारात आणला. बेसबॉलचा इतका बारीक हिशोब ठेवणारा खेळ जर्मनीत जन्मावा, याची मला अजून गंमत वाटते. या खेळांच्या लीग चालतात. वेगवेगळ्या शहरांतली माणसं एकेक संघ सांभाळतात, खेळाडू निवडतात, अदलाबदल करतात आणि शंभर वर्षांतल्या कुठल्याही खेळाडूला कुठल्याही खेळाडूसमोर उभं करतात. हा नाद लेखकांनाही होता. जॅक केरुआकने मोटारींच्या नावांचे संघ असलेली स्वतःची लीग वर्षानुवर्षं कार्डांवर खेळवली. रॉबर्ट कूवरच्या १९६८ सालच्या एका कादंबरीचा नायक तर असाच फासे टाकणारा हिशोबनीस आहे.

आता प्रश्न असा, की ज्याचे आकडे कुणी नीट लिहूनच ठेवले नाहीत, त्याचं कार्ड कसं करायचं?

तो प्रश्न मी एका माणसापुरता घेतो. चेस्टर आर्थर ब्रूअर, सगळ्यांचा चेट. जन्म १४ जानेवारी १९०७, कॅन्सस राज्यातल्या लेव्हनवर्थचा. वाढला आयोवातल्या डे मॉइनमध्ये. उजव्या हाताचा पिचर. काळ्या खेळाडूंच्या निग्रो लीगच्या महान पिचरांची नावं सांगायला बसलं की सॅचेल पेज पहिला, मग स्मोकी जो विल्यम्स, बुलेट रोगन, बिल फॉस्टर. ब्रूअरचं नाव यायला वेळ लागतो, कधी येतही नाही. पण पंचवीस वर्षांच्या आसपास तो पोटासाठी चेंडू टाकत होता आणि कुठे कुठे टाकला याची यादी एका दमात म्हणता येत नाही.

सुरुवात टेनेसी रॅट्स या फिरत्या संघापासून. दिवसा गावच्या संघाशी सामना आणि रात्री त्याच गावात करमणुकीचा कार्यक्रम, असा त्या संघाचा धंदा. मग गिलकर्सन्स युनियन जायंट्स, तोही फिरताच. १९२५ पासून कॅन्सस सिटी मोनार्क्स. हे त्यातल्या त्यात घर. अधेमधे मिनेसोटातलं क्रूकस्टन, वॉशिंग्टन पायलट्स, न्यूयॉर्क क्यूबन्स, फिलाडेल्फिया स्टार्स, शिकागो अमेरिकन जायंट्स, क्लीव्हलंड बकाइज. हिवाळ्यात कॅलिफोर्निया. १९३७ साली डॉमिनिकन रिपब्लिक, पुढच्या वर्षापासून मेक्सिकोतलं टॅम्पिको. जिथे हंगाम असेल आणि पैसे मिळतील तिथे.

याला हौस म्हणता येणार नाही. काळ्या खेळाडूंच्या संघांना लीगचे सामने वर्षाला साठ-सत्तर, फार तर ऐंशी मिळत. तेवढ्यावर कुणाचं भागत नसे. म्हणून लीगच्या दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत बस काढायची आणि वाटेतल्या गावी गिरणीच्या, खाणीच्या, कुठल्याही संघाशी खेळायचं. गल्ल्यातला वाटा घ्यायचा आणि पुढे निघायचं. संघात चौदा ते अठरा माणसं. पिचरचा हात दुखत असला तर त्याला आउटफिल्डमध्ये उभं करत, कारण दुसरं कोण होतं? राहायला हॉटेल मिळेलच असं नाही, जेवायला मागच्या दारातून. काळ्या प्रवाशाला कुठे खोली मिळेल हे सांगणारं ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून छापलं जाऊ लागलं, यावरूनच गरज किती होती ते कळावं.

गोऱ्यांच्या मोठ्या लीगचं दार बंद होतं आणि त्या बंदीला लेखी नियम नव्हता. होता तो एक समजुतीचा करार, आणि त्याची एक ठळक तारीख सांगता येते. १४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार मंजूर करायचे नाहीत असं ठरवलं. त्याच दिवशी शिकागोच्या कॅप अ‍ॅन्सनने जॉर्ज स्टोव्ही या काळ्या पिचरविरुद्ध खेळायला नकार दिला. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सद्गृहस्थांना. त्या अर्पणपत्रिकेला चौदा वर्षं होतात न होतात तोच त्या देशात बेसबॉलची ही कडी लागली, आणि ती निघायला १५ एप्रिल १९४७ चा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला तेव्हा ब्रूअर चाळीस वर्षांचा होता. तरी त्याच वर्षी तो बकाइजमध्ये होता, आणि त्या संघाने निग्रो अमेरिकन लीग जिंकली.

त्याची सर्वांत गाजलेली रात्र ऑगस्ट १९३० मधली आहे.

मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन. १९२० साली कॅन्सस सिटीच्या पासेओ वायएमसीएमध्ये रूब फॉस्टरच्या पुढाकाराने निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली, तिच्यातले हे एकटे गोरे मालक. मंदीत प्रेक्षक दिवसा कामावर किंवा कामाच्या शोधात, मग सामना बघणार कोण? विल्किन्सननी कर्ज काढून फिरते दिवे करवून घेतले. ट्रकवर उभे करायचे लांबणारे खांब, त्यांवर दिव्यांचे झुबके आणि मैदानालगत घरघरणारं जनरेटर. मोठ्या लीगमध्ये पहिला रात्रीचा सामना झाला मे १९३५ मध्ये, सिनसिनाटीला. मोनार्क्स त्याआधी पाच वर्षं रात्री खेळत होते. दिवे मात्र मिणमिणते. उंच उडालेला चेंडू दिव्यांच्या वर गेला की काळोखात नाहीसा होई आणि खाली येईल तेव्हा दिसे.

त्या उजेडात म्यूलबाख फील्डवर होमस्टेड ग्रेजविरुद्ध मोनार्क्स. ग्रेजचा पिचर स्मोकी जो विल्यम्स, चाळिशी कधीच ओलांडलेला. मोनार्क्सचा ब्रूअर, वय तेवीस. नऊ इनिंग संपल्या, धाव नाही. दहावी, अकरावी, तरी नाही. बाराव्या इनिंगमध्ये ब्रूअरने ऑस्कर चार्ल्स्टनला फुकटचा बेस दिला आणि चेनी व्हाइटच्या फटक्यावर चार्ल्स्टन घरी आला. ग्रेज १, मोनार्क्स ०. विल्यम्सने बारा इनिंगमध्ये २७ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि फक्त एक फटका दिला. हरलेल्या ब्रूअरने १९ स्ट्राइकआउट केले, त्यातले दहा ओळीने, आणि चार फटके दिले.

दोघांच्याही हातात त्या रात्री साधा चेंडू नव्हता, असं म्हणतात. ब्रूअर तर खरवडलेल्या चेंडूचा उस्ताद म्हणूनच ओळखला जाई. पॉलिश कागदाने चेंडूची एक बाजू खरखरीत केली की हवा तिथे जास्त अडते आणि चेंडू शेवटच्या क्षणी नको तिकडे वळतो. क्रिकेट पाहणाऱ्याला यात नवं काही नाही. मोठ्या लीगने ही लबाडी केव्हाच निषिद्ध केली होती. काळ्यांच्या मैदानावर पंच तिकडे फारसं बघत नसत.

आता फाशांकडे परत या. त्या रात्रीवरून ब्रूअरचं कार्ड करायचं झालं तर? साधं गणित आहे. तीन फाशांच्या एकूण शक्यता २१६, त्यांतल्या १०८ पिचरच्या कार्डावर आणि १०८ फलंदाजाच्या. बारा इनिंगमध्ये ब्रूअरसमोर चाळीस-एकेचाळीस फलंदाज आले असं धरू. त्यांत १९ स्ट्राइकआउट, म्हणजे शंभरात सेहेचाळीस. २१६ पैकी सुमारे १०० शक्यता स्ट्राइकआउटच्या हव्यात. त्या काळचा बरा फलंदाज स्वतःच्या कार्डावर अशा दहाएक शक्यता बाळगून असेल असं समजा, तर उरलेल्या ९० ब्रूअरच्या कार्डावर छापाव्या लागतील. १०८ पैकी ९०! असा पिचर लीगमध्ये आला तर बाकीच्यांनी फासे उचलून घरी जावं. एका रात्रीवरून माणूस मोजायचा नसतो हे त्या आकड्यातच दिसतं. शिवाय त्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून ७२ बाद, त्यांत ४६ स्ट्राइकआउट. दोघे पिचर एकाच रात्री इतके अचाट झाले, तर त्यात दिव्यांचा आणि खरवडलेल्या चेंडूचा वाटा मोठा असणार. पिचरच्या कार्डावर तो वाटा कुठून वजा करायचा?

एका रात्रीवरून नको, तर सगळ्या कारकिर्दीवरून करू, असं कुणीही म्हणेल. अडचण तिथेच सुरू होते.

काळ्या बेसबॉलच्या नोंदी प्रामुख्याने काळ्यांच्या वृत्तपत्रांत आहेत: शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कूरियर, कॅन्सस सिटी कॉल, बाल्टिमोरचा आफ्रो-अमेरिकन. ही साप्ताहिकं. रविवारच्या जोडसामन्याचा तपशील आला तरी मंगळवारी दूरच्या गावात झालेल्या सामन्याची दोन ओळींत बोळवण, किंवा तेवढंही नाही. १९७० मध्ये रॉबर्ट पीटरसन यांचं ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ आलं आणि हा इतिहास पहिल्यांदा सलग लिहिला गेला. त्यानंतर चिकाटीच्या संशोधकांनी जुन्या अंकांची सूक्ष्मचित्रं वाचून एकेक धावफलक उतरवून काढला. त्या खटाटोपातून उभी राहिलेली सीमहेड्स ही आकड्यांची पोतडी २०११ पासून सर्वांना खुली आहे. त्याआधी दोन वर्षं, २००९ मध्ये, स्ट्रॅट-ओ-मॅटिकने निग्रो लीगच्या १०३ खेळाडूंचा संच काढला होता. तोवर घराघरातल्या फाशांच्या लीगमध्ये जॉश गिब्सन यायचा तो दंतकथांवरून, कुणी तरी घरीच बनवलेल्या कार्डावर.

१६ डिसेंबर २०२० रोजी मेजर लीग बेसबॉलने जाहीर केलं की १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीग ‘मेजर’ मानल्या जातील. सुमारे ३,४०० खेळाडू एका दिवसात मेजर लीगचे झाले. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत तक्त्यांत आले आणि कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉब दुसऱ्या क्रमांकावर घसरला, वर .३७२ ची सरासरी घेऊन गिब्सन बसला. वर्तमानपत्रांनी तो मथळा जगभर नेला. त्या नोंदी जेमतेम तीन-चतुर्थांश पूर्ण आहेत, हे त्या तपासणाऱ्या समितीने स्वतःच सांगितलं होतं.

या निर्णयाचं मला मोल आहे. पण ब्रूअरच्या बाजूने तो निर्णय वाचला की एक खोच लक्षात येते. अधिकृत ठरले ते लीगचे सामने, आणि १९३० साली होमस्टेड ग्रेज कुठल्याच लीगमध्ये नव्हते. त्यांची आधीची लीग मोडली होती, नवी मिळायची होती. स्वतंत्र संघ म्हणून ते फिरत होते. म्हणजे २७ विरुद्ध १९ स्ट्राइकआउटची ती बारा इनिंगची लढत, जिच्यावर आजवर इतकं लिहिलं गेलं, ती अधिकृत हिशोबात नाही.

हे एकच उदाहरण असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण १९३४ पाहा. डेन्व्हर पोस्ट या वृत्तपत्राच्या मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेत त्या वर्षी पहिल्यांदा एका काळ्या संघाला प्रवेश मिळाला, तो मोनार्क्सना. समोर हाउस ऑफ डेव्हिड या दाढीधारी पंथाचा संघ, आणि त्यांनी भाड्याने आणला होता साक्षात सॅचेल पेज! दाढीवाल्या गोऱ्यांमध्ये काळा पेज. ब्रूअर विरुद्ध पेज असा सामना झाला आणि पेज २-१ ने जिंकला. हाही हिशोबाबाहेर. त्याच शरद ऋतूत वर्ल्ड सीरिज जिंकून आलेल्या डिझी डीनने मोनार्क्सविरुद्ध प्रदर्शनी सामने खेळले. गोरे आणि काळे समोरासमोर आले तर काय होईल, हे ताडायला फासे टाकायची गरज नव्हती. दर शरदात ते घडत होतं, प्रेक्षक तिकीट काढून बघत होते, खेळाडू वाटा घेऊन घरी जात होते. फक्त आयुक्त लँडिस यांच्या नियमामुळे मोठ्या लीगचा पूर्ण संघ आपल्या गणवेशात असे सामने खेळू शकत नसे; ‘ऑल-स्टार्स’ असं काही तरी नाव घ्यावं लागे. हरलं तरी मोठ्या लीगच्या माथ्यावर डाग नको.

आणि १९३७. डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियोच्या नावाने चालणाऱ्या राजधानीच्या संघासाठी पेज, गिब्सन, कूल पापा बेल यांना अमेरिकेतून उचलून आणलं होतं. ब्रूअर विरोधी गोटात, सँतियागोच्या आगिलास सिबाएन्यासकडून. म्हातारपणी तो एक किस्सा सांगत असे. सामन्याच्या आदल्या दिवशी तो जुन्या दोस्तांना, म्हणजे पेज आणि मंडळींना शोधत गेला, तर एका पोराने सांगितलं की ते तुरुंगात आहेत. खेळाडूंनी रात्री बाहेर पडून पिऊ नये म्हणून सरकारने त्यांना कोठडीत झोपवलं होतं! फाशांच्या कुठल्याही लीगमध्ये ‘संघ तुरुंगात’ असा निकाल छापलेला मला तरी आढळलेला नाही.

तर ब्रूअरचं उत्तम काम जिथे झालं त्यातलं बरंचसं स्वतंत्र संघांशी, स्पर्धांमध्ये, परदेशात, रस्त्यावर झालं. तारे असलेल्यांना याचा फटका कमी बसतो. पेज आणि गिब्सन यांच्याभोवती पत्रकार असत, पूर्व-पश्चिम ऑल-स्टार सामने असत, दंतकथाही असत. फिरस्त्या पिचरचं तसं नाही. त्याचा व्यवसायच मुळी नोंद न होणाऱ्या सामन्यांचा होता. अधिकृत आकड्यांवरून त्याचं कार्ड करणं म्हणजे बाजारहाट करणाऱ्याची मिळकत फक्त बँकेच्या पासबुकावरून काढण्यासारखं आहे.

जॉन डोनाल्डसनचं प्रकरण याहून ठसठशीत. हा डावखुरा पिचर उमेदीची वर्षं छोट्या गावांत फिरत राहिला. हौशी संशोधकांच्या एका गटाने त्या गावांतली स्थानिक वृत्तपत्रं चाळायला घेतली आणि आजवर त्याचे ४०० हून अधिक विजय आणि ५,००० हून अधिक स्ट्राइकआउट हाताला लागले आहेत. त्यातले बहुतेक मेजर या व्याख्येत बसत नाहीत. डिसेंबर २०२४ च्या मतदानात तो पुन्हा हॉल ऑफ फेमच्या उंबऱ्यावरून परतला. पण एक गोष्ट चांगली घडली: २०२३ च्या ‘एमएलबी द शो’ या व्हिडिओ गेममध्ये निग्रो लीगच्या आठ खेळाडूंच्या कथा आल्या, कॅन्सस सिटीच्या संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केंड्रिक यांच्या आवाजात, आणि त्यात डोनाल्डसन होता. हिल्टन स्मिथही होता. मोनार्क्सकडे पेजने गर्दी खेचायला पहिल्या तीन इनिंग टाकायच्या आणि उरलेल्या सहा स्मिथने निमूट पार पाडायच्या, असा प्रकार कित्येकदा चाले. असल्या माणसाला गेममध्ये स्वतःची कथा मिळाली याचं मला मनापासून बरं वाटलं. ब्रूअर त्या आठांत नाही.

मग त्याचं कार्ड कसं करावं?

दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. पहिला, अधिकृत आकडे घ्यायचे आणि विषय संपवायचा. त्यात वर्णभेदाने केलेली गाळणी जशीच्या तशी आपल्या घरच्या लीगमध्ये येते, आणि वर ‘आम्ही तटस्थ आहोत’ असं समाधानही मिळतं. दुसरा, अन्याय झाला म्हणून मोठ्या मनाने त्याला वरच्या दर्जाचा पिचर करून टाकायचं. ही दया ब्रूअरच्या काय कामाची? त्याने कधी दानात विजय घेतल्याचं ऐकिवात नाही. मन मानेल तसं कार्ड केलं की तो ब्रूअर राहत नाही, आपल्या अपराधी भावनेचा पुतळा होतो.

माझं म्हणणं असं, की एक कार्ड करूच नये, तीन करावीत. एक फक्त लीगच्या सामन्यांवरून. दुसरं स्वतंत्र संघ, मेक्सिको, हिवाळी लीग असं जे जे सापडलंय ते सगळं धरून. तिसरं लीगच्या सर्वसाधारण पिचरकडे झुकवलेलं, कारण थोड्या सामन्यांचे आकडे नेहमीच टोकाचे दिसतात आणि सामने वाढले की सरासरीकडे येतात. हंगाम सुरू होताना एक फासा टाकायचा: १-२ पडले तर पहिलं, ३-४ ला दुसरं, ५-६ ला तिसरं. मग या वर्षीचा ब्रूअर कोणता हे सुरुवातीलाच ठरेल, आणि पुढच्या वर्षीचा वेगळा निघू शकेल. आपलं अज्ञानही खेळात उतरवायचं ते असं. संख्याशास्त्राचे जाणकार याला अवघड नाव देतील. फासे टाकणाऱ्याला नावाची गरज नाही.

थकव्याच्या रकान्यातही हात घालावा लागेल. कितव्या इनिंगनंतर पिचर ढिला पडतो याचा आकडा प्रगत खेळात असतोच, आणि ब्रूअरचा तो मोठा हवा. पण खरा बदल इथे वेगळाच होतो. कल्पित लीगमध्ये त्याला तीन-चार दिवसांनी एकदाच चेंडू टाकायचा असतो. रात्रभर बसमध्ये बसून सकाळी उतरायचं, दुपारी पिचिंग आणि संध्याकाळच्या सामन्यात आउटफिल्ड, असं काही नसतं. वर्षभर एकच गणवेश असतो, एकच कॅचर असतो, मैदान ओळखीचं असतं. गोऱ्यांच्या लीगचा बेब रूथ समोर आला की नाही, ही बाब दुय्यम आहे. त्याला पहिल्यांदाच विसावा मिळालेला असतो, आणि विसावा मिळालेल्या ब्रूअरने कसे चेंडू टाकले असते हे कुठल्याच वृत्तपत्रात सापडणार नाही. खेळवणाऱ्यांनी कल्पना लढवायची तर इथे लढवावी.

संधी अगदीच आली नव्हती असंही नाही. १९४३ साली महायुद्धामुळे खेळाडूंची टंचाई होती. पॅसिफिक कोस्ट लीगमधल्या लॉस एंजेलिस एंजल्सचे अध्यक्ष क्लॅरन्स रोलंड यांनी ब्रूअर, हॉवर्ड ईस्टरलिंग आणि नेट मोरलंड या तिघांची चाचणी घेऊ असं जाहीर केलं, आणि मग शब्द फिरवला. ओकलंडच्या मालकाने आपल्या व्यवस्थापकाला ब्रूअरला आजमावून बघायला सांगितलं, तर व्यवस्थापकाने साफ नकार दिला. ब्रूअर तेव्हा छत्तीसचा. कॅलिफोर्नियात तो कॅन्सस सिटी रॉयल्स नावाचा हिवाळी संघ चालवत असे; त्याच संघाकडून रॉबिन्सन खेळून गेला. ज्यांच्यासाठी दार उघडलं ते त्याच्या हाताखालून पुढे गेले, तो मात्र उंबऱ्याच्या अलीकडेच.

नंतर पिट्सबर्ग पायरेट्ससाठी त्याने खेळाडू हेरायचं काम केलं. लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्त्यांतल्या पोरांना गोळा करून खेळ शिकवला. त्यांतला एक डॉक एलिस, ज्याने १२ जून १९७० ला पायरेट्सकडून एकही फटका न देता सामना जिंकला. (तो सामना एलिस कुठल्या नशेत खेळला याची कथा आता खेळापेक्षा प्रसिद्ध आहे, ती इथे नको.) २६ मार्च १९९० रोजी कॅलिफोर्नियात ब्रूअर वारला. २००६ मध्ये हॉल ऑफ फेमने निग्रो लीगसाठी खास मतदान घेतलं, ३९ नावांच्या अंतिम यादीत तो होता. सतरा जण निवडले गेले, त्यांत दिव्यांचे विल्किन्सनही होते. ब्रूअर नव्हता.

माझ्या मते हॉलमध्ये न घेण्याचा तो निर्णय चुकीचा असेलच असं नाही. बिल फॉस्टर, विल्यम्स, रोगन यांच्या पंगतीत तो अर्धं पाऊल मागेच होता. पण ज्या पुराव्यावर हा निर्णय करायचा तो पुरावाच अर्धा आहे, आणि बाकीचा अर्धा मिनेसोटा, कॅन्सस, टॅम्पिकोच्या जुन्या अंकांत पडून आहे. तो वाचून होईपर्यंत ‘दुय्यम पिचर’ हा शिक्का कुणी मारू नये.

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्या वाचकांसाठी एक सांगणं. कॅन्सस सिटीत अठराव्या रस्त्यावर, वाइन स्ट्रीटपाशी निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम आहे. १९९० साली ते सुरू झालं. लीग जिथे जन्मली ती पासेओ वायएमसीएची इमारतही तिथून जवळच आहे. आत एक छोटं मैदान केलंय, त्यावर माणसाएवढे कांस्य पुतळे उभे आहेत. पिचरच्या जागी अर्थातच पेज. नातवंडं क्रिकेट सोडून बेसबॉलकडे वळली असतील तर त्यांना घेऊन जा. आणि पेजपाशी फोटो काढून झाला की तिथल्या माणसांना चेट ब्रूअरविषयी विचारा.